मोजलं की पटतं: कोल्हापुरात पडताळता येणाऱ्या काही अविश्वसनीय गोष्टी

मावळताना दिसणारा सूर्य तिथे नसतो. मोकळ्या, सपाट क्षितिजावर तांबड्या गोळ्याची खालची कड टेकते, त्या क्षणी खरा सूर्य अख्खाच्या अख्खा क्षितिजाखाली गेलेला असतो. पुढची दोन-सव्वादोन मिनिटं आपण जे बघत उभे राहतो, ते हवेने वर उचलून धरलेलं त्याचं चित्र.

पटत नसेल तर घरात एक प्रयोग करा. खोल वाटीत तळाला रुपया ठेवा आणि तो वाटीच्या कडेआड जाईपर्यंत मागे सरका. आता मान न हलवता दुसऱ्याला हळूहळू पाणी ओतायला सांगा. रुपया जागचा हललेला नसतो, तरी तो वर येऊन दिसायला लागतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो आणि डोळ्याला मात्र तो सरळच आला असं वाटतं. सूर्यप्रकाशाचंही असंच होतं. वरची विरळ हवा आणि जमिनीलगतची दाट हवा यांतून येताना किरण खाली वाकतात. क्षितिजावर हे वाकणं सुमारे ३४ कला भरतं. (पंचांगातलीच कला, ६० कला म्हणजे १ अंश.) सूर्याच्या बिंबाचा व्यास सुमारे ३२ कला. बिंबापेक्षा वाकणंच मोठं, त्यामुळे सूर्य पूर्ण बुडाला तरी पूर्ण दिसतो.

इथे एक चूक सर्रास ऐकू येते. ‘सूर्याचा प्रकाश यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात, म्हणून सूर्य ८ मिनिटांपूर्वीच मावळलेला असतो.’ प्रकाशाला तेवढा वेळ लागतो हे खरं, निष्कर्ष चुकीचा. सूर्य मावळतो तो पृथ्वी फिरते म्हणून. किरण वाटेत असताना आपण फिरत राहतो आणि ते पोहोचतात तेव्हा आपण ज्या बाजूला वळलेलो असू, त्यानुसार सूर्य दिसतो. या आठ मिनिटांचा मावळण्याशी संबंध नाही. संबंध आहे तो हवेच्या वाकवण्याशी. खऱ्या गोष्टीला चुकीचं कारण चिकटलं, तर ती अर्धी खोटीच झाली असं समजावं.

या वाकण्याचा हिशोब दिवसाच्या लांबीतही सापडतो. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमाराला दिवस-रात्र समान, असं शाळेत शिकवतात. कोल्हापुरात त्या दिवशी दिवस रात्रीपेक्षा मोठाच असतो. बिंबाची वरची कड दिसल्यापासून दिसेनाशी होईपर्यंतचा काळ धरला, तर १२ तासांवर सुमारे ७ मिनिटं जास्त भरतात. सकाळची साडेतीन मिनिटं आणि संध्याकाळची साडेतीन मिनिटं हवेने आणि बिंबाच्या आकाराने मिळवून दिलेली. रंकाळ्यावरून हे मोजायला जाल तर फसाल, कारण पश्चिमेला झाडं, इमारती आणि डोंगर आहेत. त्यासाठी कोकणात उतरून समुद्र गाठायला हवा.

किरणोत्सवाचं गणित

अंबाबाईच्या किरणोत्सवाला भाविक श्रद्धेने उभे असतात, तसाच एखादा खगोल अभ्यासकही तिथे हात जोडून उभा राहील. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं एकेक टप्पा ओलांडत गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या चरणांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात.

पहिला प्रश्न: वर्षात दोनदाच का, आणि याच तारखांना का? सूर्य दक्षिणेकडे सरकत २१-२२ डिसेंबरला टोक गाठतो आणि त्याच वाटेने परत फिरतो. म्हणजे टोकाआधी जितके दिवस, टोकानंतर साधारण तितक्याच दिवसांनी तो त्याच जागी मावळतो. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२ दिवस. जोडी जमली. त्यातही ९ नोव्हेंबरचं जुळं २ फेब्रुवारी आहे आणि ११ नोव्हेंबरचं ३१ जानेवारी. या दिवसांत सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या (आपलं विषुववृत्त आकाशात ताणलं तर पडणारी रेघ) सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो, आणि कोल्हापुरातून बघताना तो नेमक्या पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेकडे मावळतो.

मंदिर पश्चिमाभिमुख आहे असं आपण सहज म्हणतो. पण किरणांची वाट अगदी नाकासमोर पश्चिमेला असती, तर हा सोहळा मार्च आणि सप्टेंबरमध्ये झाला असता. तो नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या तोंडाला होतो, याचाच अर्थ ती वाट दक्षिणेकडे कललेली आहे. तारखेवरून दिशा काढता येते, ती अशी.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दोन्ही वेळी सूर्य आकाशात त्याच जागी असतो, किरण त्याच वाटेने येतात. पण घड्याळात वेळ मात्र सारखी नसते. नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसहाच्या सुमारास. किरणोत्सवही तसाच अर्ध्या तासाने पुढे सरकतो. कारण आपलं घड्याळ एका सरासरी सूर्यावर चालतं आणि खरा सूर्य कधी त्याच्या पुढे असतो, कधी मागे. पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन कारणांनी हा फरक पडतो. १० नोव्हेंबरला खरा सूर्य घड्याळाच्या १६ मिनिटं पुढे असतो, १ फेब्रुवारीला साडेतेरा मिनिटं मागे. बेरीज साडेएकोणतीस मिनिटं. हवामान, मंदिर, मूर्ती यांपैकी कशाशीही या अर्ध्या तासाचा संबंध नाही.

किरण वर का चढतात? सूर्य खाली जातो तसा किरण आडवा होत जातो. उतरता किरण दाराच्या चौकटीतून आत शिरून लगेच जमिनीवर पडतो. आडवा किरण लांबवर जातो आणि समोरच्या गोष्टीवर उंच आदळतो. म्हणून सूर्य जितका खाली, तितका उजेड वर. घराच्या पश्चिमेच्या खिडकीतही रोज हेच होतं, फक्त समोर भिंत असते म्हणून आपण बघत नाही.

आता अडचण कुठे येते ते बघू. शेवटच्या टप्प्यात सूर्य क्षितिजापासून जेमतेम अडीच अंश वर असतो. अडीच अंशांवरचा किरण १०० मीटर अंतरावर फक्त साडेचार मीटर वर चढलेला असतो. म्हणजे वाटेत १०० मीटरवर एखादी पाण्याची टाकी, जाहिरातीचा फलक किंवा वाढवलेला मजला मूर्तीच्या पातळीपेक्षा साडेचार मीटरने उंच झाला, की वाट बंद. २०० मीटरवर नऊ मीटर. महाद्वार रोडच्या दिशेने अडथळे काढायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे या दोन आकड्यांत आहे. ढग दिसतात, त्यामुळे त्यांना दोष देता येतो. पण निरभ्र दिवशीही हवेत बाष्प, धूर आणि धूळ असेल तर किरण पोहोचतात खरे, मात्र फिके. इतक्या तिरक्या किरणाला डोक्यावरच्या किरणाच्या पंधरा-वीस पट हवा कापून यावं लागतं.

रोज सूर्य सुमारे १७ कला सरकतो, म्हणजे पाव अंशाहून थोडा जास्त. ५० मीटर लांबीच्या वाटेत एवढ्याने उजेडाचा पट्टा २५ सेंटीमीटर सरकतो, साधारण एक वीतभर किंवा थोडा अधिक. उत्सव दोन-तीन दिवसांपुरताच का, याचं उत्तर या वीतभर अंतरात आहे. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य दिवसाला एक कलाही सरकत नाही. तेव्हाची दिशा धरली असती, तर किरण आठवडाभर येत राहिले असते. मार्चमधली धरली असती, तर पट्टा दिवसाला यापेक्षा दीडपट सरकला असता.

किरण कमी पडले की ‘पृथ्वीचा अक्षच सरकला’ असं म्हणणारे भेटतात. अक्षाचा कल बदलतो हे खरं आहे, पण शंभर वर्षांत सुमारे ४७ विकला, म्हणजे एक कलाही नाही. हजार वर्षांत आठ कला. सूर्य एका दिवसात सतरा कला सरकतो, त्यापुढे हजार वर्षांचा हा बदल अर्ध्या दिवसाचा. अक्षावर ढकलण्यापेक्षा गच्चीवरची टाकी बघावी.

सावली जाते कुठे

‘सूर्य दुपारी बारा वाजता डोक्यावर येतो’ या वाक्यात दोन चुका आहेत. कोल्हापुरात तो वर्षातून दोनच दिवस बरोबर डोक्यावर येतो, आणि त्या दोन्ही दिवशी बाराला येत नाही.

कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य उत्तरेकडे जाताना १६.७ अंशांवर येतो तो ६-७ मेच्या सुमारास. परत फिरताना ६ ऑगस्टच्या सुमारास. त्या दिवशी मध्यान्हाला सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. हा शून्य सावलीचा दिवस. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, कोल्हापूर ७४.२ वर, म्हणून आपला मध्यान्ह मुळातच सुमारे ३३ मिनिटं उशिरा. त्यात वर सांगितलेला सूर्य-घड्याळाचा फरक मिसळला, की मेमध्ये साडेबाराच्या आसपास आणि ऑगस्टमध्ये १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास सूर्य माथ्यावर येतो. ऑगस्टचा दिवस आपल्याकडे पावसात जातो. मेमध्ये वळवाचे ढग बहुधा दुपारनंतर जमतात, म्हणून मे धरावा.

करायचं असं. पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घ्या, तोंडं काटकोनात कापलेली हवीत. गच्चीवर फरशी किंवा फळी पाणसळीने दोन्ही दिशांनी सपाट करून घ्या. पाइप उभा करा आणि गवंड्याचा ओळंबा लावून दोन बाजूंनी तपासा. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला पेन्सिलने खूण करा. सावली पश्चिमेकडून आखडत येते, पाइपाखाली जाते आणि पूर्वेला बाहेर पडते. चुकतं ते बहुतेक वेळा पाइप एका बाजूला कलल्यामुळे. पाइप एक अंश कलला, तरी फुटाला पाच मिलिमीटर सावली उरते आणि माणूस म्हणतो, तारीख चुकली. मीटरभर उंच काठी घेऊ नये. सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाचा गोळा आहे, म्हणून मीटरभर उंचीच्या सावलीची कड नऊ मिलिमीटर पसरट, धूसर पडते.

त्याच दिवशी पुण्यातल्या कुणाला मध्यान्हाला मीटरभर काठीची सावली मोजायला सांगितली, तर ती सुमारे ३.२ सेंटीमीटर भरेल. तेवढ्यावरून पृथ्वीचा घेर निघतो. ३.२ सेंटीमीटर म्हणजे १.८२ अंशांचा कोन. कोल्हापूर आणि पुण्यातलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर (रस्त्याचं नव्हे) सुमारे २०२ किलोमीटर. ३६० ला १.८२ ने भागून २०२ ने गुणलं, की ४०,००० किलोमीटरच्या अगदी जवळ उत्तर येतं. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने हीच रीत वापरली. सावली मोजताना एक मिलिमीटर चुकला, तर घेर बाराशे किलोमीटरने चुकतो. तरी दोन काठ्यांत अख्खी पृथ्वी मापली जाते. नागपूरकरांना हा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात मिळतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तिथे सावली कधीच नाहीशी होत नाही.

तिखट ही चव नव्हे

कोल्हापुरात हे म्हणणं धाडसाचं आहे, पण जिभेवर तिखटाची चव ओळखणारी यंत्रणाच नाही. गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसाची ती पाचवी चव, एवढ्याच चवी. तिखट लागतं ते भाजल्याच्या जाणिवेने. वेदना आणि उष्णता कळवणाऱ्या चेतातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. ते सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापलं की उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन याच प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि ते गार असतानाच उघडतं. मेंदू घाम सोडतो, नाक वाहतं, तोंड लाल होतं, आणि तोंडाचं तापमान मात्र होतं तेवढंच. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं, ते कॅप्सेसिनच्याच मदतीने. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळालं.

तिखट जेवणावर गरम चहा का सोसवत नाही, हेही यातच आलं. कॅप्सेसिन चिकटलेलं असताना ते प्रथिन ४३ अंशांची वाट बघत नाही, खूप आधीच उघडतं. एरवी कोमट वाटणारा घोट तेव्हा चटका देतो.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात छान विरघळतं. म्हणून मिसळीचा सगळा जाळ वर तरंगणाऱ्या कटात असतो, खालच्या रश्श्यात त्यामानाने कमी. ज्याला सोसत नाही त्याने रश्श्यात पाणी ओतून उपयोग नाही. वरचा तेलाचा थर पळीने काढावा. तोंड पोळल्यावर पाणी प्यायलं, की कॅप्सेसिन धुतलं न जाता तोंडभर पसरतं. दूध किंवा दही घ्यावं. त्यातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून सोडवतं, त्यामुळे साय काढलेलं दूधही चालतं. घोट लगेच न गिळता अर्धा मिनिट तोंडात खेळवावा. मिरच्या चिरून हात पेटले, तर आधी गोडं तेल चोळून घ्यावं, मग साबण, मग पाणी. सुरुवातच पाण्याने केली तर आग बोटांवरून तळहातावर जाते.

‘बी काढली की तिखटपणा गेला’ ही समजूतही अर्धवटच. कॅप्सेसिन तयार होतं ते बिया ज्याला लटकलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात आणि शिरांत. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. भरल्या मिरचीचा तिखटपणा कमी करायचा, तर तो पांढरा दोरा देठापासून खरवडायला हवा. रंगाचा आणि तिखटपणाचाही संबंध नाही. लाल रंग कॅप्सॅन्थिन नावाच्या वेगळ्या द्रव्याचा. ब्याडगी गडद लाल आणि सौम्य, लवंगी बारकी आणि जाळणारी. म्हणूनच चटणी करताना रंगाची मिरची वेगळी आणि तिखटाची वेगळी तोलून घेतात. डंकावर चटणी कुटताना ठसका लागतो तोही चवीचा नसतो. घशातल्या आणि श्वासनलिकेतल्या चेतातंतूंवर तेच प्रथिन आहे आणि उडालेली पूड तिथे पोहोचते.

पोपट मिरची मजेत खातो, कारण पक्ष्यांच्या या प्रथिनाला कॅप्सेसिन जाणवतच नाही. उंदीर किंवा खार मिरची खाईल तर दातांनी बी चिरडेल. पक्षी बी अखंड गिळतो आणि लांब नेऊन टाकतो. झाडाने कोणाला हाकलायचं आणि कोणाला बोलवायचं, ते या एका रेणूने ठरवलं. मिरची अमेरिका खंडातली आहे, पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. तांबड्या रश्श्याचा लाल जाळ पाचशे वर्षांपेक्षा जुना असूच शकत नाही, तोवर आपलं तिखट मिरीचं होतं.

काहिलीतलं तापमान

पाणी १०० अंशांना उकळतं, हे समुद्रकाठी खरं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथे साधं पाणी ९८ अंशांच्या थोडं वर उकळतं. नवीन थर्मामीटर उकळत्या पाण्यात ९८ दाखवतो म्हणून खराब समजून टाकून देऊ नये.

गुऱ्हाळात याच्या उलट दिसतं. काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, रस उकळत असतो आणि तापमान चढतच राहतं. पाणी वाफ होऊन जातं, मागे साखर दाट होत जाते आणि साखरेचे रेणू उरलेल्या पाण्याला धरून ठेवतात. काकवीला साध्या पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा पाच-सहा अंश वर, गुळाला अठरा ते वीस अंश वर. पुस्तकातला ११८ अंशांचा आकडा समुद्रसपाटीचा आहे, म्हणून आधी साध्या पाण्याचा आकडा घ्यावा आणि त्यात हा फरक मिळवावा. अनुभवी गुळव्या थर्मामीटर न बघता चार थेंब गार पाण्यात सोडतो आणि बोटात गोळी वळते का बघतो. तो हेच तापमान मोजतो, बोटांनी. शेवटचे दोन-तीन अंश झपाट्याने चढतात. तेवढ्यात काहील उतरवली नाही, तर गूळ करपतो आणि काळा पडतो. लवकर उतरवली तर ढेप बसत नाही.

रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, हे शहरातल्या माणसाला थाप वाटते. भेंडीचा बुळबुळीतपणा म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. रसातले बारीक कण इतके हलके असतात, की ते खाली बसत नाहीत आणि गाळणीतूनही निसटतात. या साखळ्या त्यांना गोळा करतात, उकळीचे बुडबुडे ते गोळे वर आणतात आणि मळी म्हणून ती काढून टाकता येते. चुना घालतात तो आंबटपणा मारायला. ताजा रस किंचित आंबट असतो, आणि आंबट रस तापला की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. या दोघांमुळे कण धरत नाही, गूळ सैल राहतो आणि पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून पाघळतो. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला, तरी हेच होतं, कारण साखर उसातच फुटायला लागते; मग कितीही चांगला गुळव्या असला तरी ढेप घट्ट होत नाही. चुना जास्त झाला तर गूळ काळपट होतो आणि चव बिघडते.

फेस काहिलीबाहेर यायला लागला, की गुळव्या तेलाचे थोडे थेंब टाकतो आणि कमरेएवढा वाटणारा फेस क्षणात बसतो. तेल बुडबुड्याच्या पातळ पापुद्र्यात शिरतं आणि तो तिथेच फाटतो. एक टन उसातून साधारण १०० ते १२० किलो गूळ मिळतो. उरलेल्यात बहुतेक पाणी आणि चिपाड, आणि तेच चिपाड चुलवाणात जातं.

न तापणारा दिवा

मेच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात काजव्यांनी झाडं लखलखतात. एकेक झाड एका तालात पेटतं आणि विझतं. काजवा हातावर घेतला तर उष्णता जाणवत नाही. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये विजेचा बहुतांश भाग उष्णतेत जातो; काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनबरोबर जळतं, तेही ल्युसिफरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) हातात, आणि दर शंभर रेणूंमागे सुमारे ४१ प्रकाशकण बाहेर पडतात. हा आकडा २००८ मध्ये मोजला गेला. त्याआधी तो ८८ मानत. कमी झाला तरी हा दिवा थंडच.

हे चमकणं त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांचं. त्याआधी कित्येक महिने तो अळी म्हणून पालापाचोळ्यात राहतो आणि गोगलगायी खातो. बघायला जायचं तर सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, टॉर्चवर लाल जिलेटीन दोन-तीन पदरी बांधून, मोबाइलचा फ्लॅश बंद करून. पांढऱ्या झोताने नर-मादीचे इशारे एकमेकांना दिसत नाहीत आणि त्यांच्या हातात असलेल्या मोजक्या रात्रींतली एक वाया जाते. पालापाचोळा तुडवू नये, कारण पुढच्या वर्षीचे काजवे त्यातच असतात.

या प्रकाशाला आणखी एक गोष्ट लागते, एटीपी, म्हणजे प्रत्येक जिवंत पेशीतलं इंधन. विल्यम मॅक्एल्रॉय यांनी १९४७ मध्ये हे दाखवलं. त्याचा उपयोग आज अन्नप्रक्रिया कारखान्यांत आणि दूध प्रकल्पांत होतो. धुतलेल्या टाकीच्या आतल्या भिंतीवरून ओला बोळा फिरवायचा, तो काजव्याच्या विकराच्या द्रावणात बुडवायचा आणि छोट्या यंत्रात ठेवायचा. टाकीवर जंतू किंवा दुधाचा अंश राहिला असेल तर त्यातल्या एटीपीमुळे द्रावण चमकतं आणि पंधरा-वीस सेकंदांत पडद्यावर आकडा येतो. आकडा ठरलेल्या मर्यादेपेक्षा वर गेला, तर टाकी पुन्हा धुवायची. हा विकर मिळवायला पूर्वी हजारो काजवे पकडावे लागत. १९८५ मध्ये त्याचं जनुक वेगळं करता आलं, आणि आता तो जिवाणूंकडून तयार करून घेतात. काजवे जंगलातच राहतात.